बैल सोडण्याची वेळ

२०२५ च्या दिवाळीला माझी भाची अमेरिकेहून आमच्या अल्लीपूरला आली. यायची होती वसुबारसेला, पोहोचली धनत्रयोदशीच्या संध्याकाळी. वाटेत एका परदेशी विमानतळावर विमान इंधन भरायला उतरले होते. तासाभरात निघायचे ते निघेना. मग सांगण्यात आले की वैमानिकांची कामाची वेळ संपली आहे, दुसरे वैमानिक येईपर्यंत थांबावे लागेल. प्रवासी खवळले. कोणाच्या घरी लग्न होते, कोणाचा बाप दवाखान्यात होता. लोकांनी काउंटरवरच्या मुलीला रडकुंडीला आणले. भाचीही त्यांत होती, हे तिनेच कबूल केले.

ओट्यावर बसून फराळ करता करता तिने मला विचारले, "मामाजी, विमान चांगलं होतं, टाकी भरलेली होती, वैमानिक समोर उभे होते. मग निघायला हरकत काय होती?"

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. विमान चालवण्यातले मला काय कळणार? पण प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर मला वडिलांच्या बंडीत सापडले.

आमच्या लहानपणी वडील कापसाची बंडी भरून हिंगणघाटच्या बाजारात न्यायचे. जेवणे आटोपली की बंडी जुंपायची, म्हणजे पहाटे बाजारात नंबर लागे. बंडीत कापसासोबत बैलांचा चारा असे. तो किती घ्यायचा याचा वडिलांचा हिशेब पक्का होता. कमी घेतला तर बैल उपाशी, जास्त घेतला तर तोही बैलांनीच ओढायचा! आणि अर्ध्या वाटेवर ते बैल सोडत. मागच्या बंड्या पुढे निघून जात, तरी ते हलत नसत. "नंबर गेला तर उद्या लागेल, बैल पडला तर कुठून आणू?" एवढेच त्यांचे म्हणणे असे.

लांब पल्ल्याच्या विमानाचा हिशेब याहून फार वेगळा नाही. वाट किती, चारा किती आणि दम किती, हे तीनच त्याचे आकडे आहेत.

आधी वाटेचे पाहू. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. आपल्या नागपूरचा इतिहासही असाच थांब्याचा आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत परत जात. देशाच्या मध्यावर असण्याचा तो मान होता. त्या काळी विमानांचा पल्ला लहान होता, म्हणून थांबणे भाग होते. थांबा आला की इंधन भरले जाई, आणि माणसे बदलण्याची सोयही आपोआप होई.

पुढे यंत्रांचा पल्ला वाढला. १ ऑगस्ट २००७ रोजी मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारी सेवा सुरू झाली. अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. घरातल्या मुलांनी पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. सपाट नकाशावर वाटते तसा तो सरळ पश्चिमेला जात नाही. पाकिस्तान, मध्य आशिया आणि रशियाकडे वर चढून मग तो अमेरिकेकडे उतरतो. गोलावरची जवळची वाट ती.

पण जवळची वाट नेहमी लवकर पोहोचवते असे नाही. २०१६ साली दिल्ली–सॅनफ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेण्यास सुरुवात झाली. ही वाट सुमारे १४०० किलोमीटरने लांब होती, तरी वेळ जवळजवळ दोन तासांनी वाचला. कारण आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. पूर्वेकडून गेले की ते पाठीशी लागतात, पश्चिमेकडून गेले की छातीवर येतात. जानेवारी २०२१ मध्ये सॅनफ्रान्सिस्को–बंगळुरू विमान उत्तर ध्रुवाकडच्या वाटेने आले. ते झोया अग्रवाल, पापागारी थन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास या चार महिला वैमानिकांनी आणले. सर्वांनी त्यांचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण विमान दोघांनी चालत असताना चार वैमानिक कशाला, हे फारसे कोणी विचारले नाही. त्याकडे पुढे येऊच.

आता चारा. सिंगापूर ते न्यूयॉर्क हा जगातल्या सर्वांत लांब हवाई प्रवासांपैकी एक आहे. अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर, वेळ अठरा तासांच्या आसपास. २०१८ पासून त्या वाटेवर असलेल्या एअरबस विमानाच्या टाक्यांत १ लाख ६५ हजार लिटर इंधन मावते. बारा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर जवळजवळ चौदा टँकर झाले. एवढे वजन उचलायलाही इंधनच लागते. अशा प्रवासात एक टन जास्तीचे इंधन घेतले, तर त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग ते वाहून नेण्यातच जळतो. बैलांनी स्वतःचा चारा ओढायचा, तो हा प्रकार. म्हणून कोणी हौसेने इंधन जास्त घेत नाही.

तरीही काही इंधन असे असते की ज्याला हिशेबात हात लावायचा नसतो. ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरते, वाटेतल्या अडचणींसाठी थोडे, आणि सर्वांत शेवटी अर्धा तास आकाशात घिरट्या घालता येतील एवढे. हा शेवटचा अर्धा तास जगभर पवित्र मानला जातो. त्यावर घासाघीस होत नाही. 'आज प्रवाशांना घाई आहे, तेव्हा तो वापरून टाकू' असे कोणतीही कंपनी म्हणत नाही, आणि म्हटले तर आपण त्या विमानात पाय ठेवणार नाही.

मग माणसाच्या थकव्याबाबत मात्र आपण इतके उदार का होतो?

हा प्रश्न गंभीर आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्रभर उडून आलेले विमान मंगळूरला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १५८ माणसे गेली. विमानातल्या ध्वनिमुद्रणात मुख्य वैमानिकाच्या घोरण्याचा आवाज होता. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास सांगितले होते, ते ऐकले गेले नाही. दीर्घ झोपेतून उठल्यावर मेंदूवर काही काळ राहणाऱ्या गुंगीचा उल्लेख चौकशी अहवालात आहे. त्या विमानात इंधन कमी नव्हते.

चार वैमानिकांचे कारण हेच. दोघे चालवतात, दोघे विमानातल्या छोट्या खोलीत आडवे होतात. हवाई सेविकांसाठीही तशी खण केलेली जागा असते. कोणी कधी झोपायचे याची पाळी आधी ठरते आणि उतरवणाऱ्यांची झोप कधी संपावी याचाही विचार त्यात असतो. मात्र यंत्राच्या घरघरीत, कोरड्या हवेत, परक्या वेळी घेतलेली झोप घरच्या झोपेसारखी नसते. रात्री दोन ते पहाटे सहा हा काळ तर शरीराचा उताराचा मानला जातो. त्या वेळी माणूस जागा दिसतो, पण पुरता जागा नसतो. शेतात रात्रपाळीला ओलीत करणाऱ्या कास्तकाराला हे सांगायला नको.

वाट, चारा आणि दम एकमेकांत कसे गुंतलेले आहेत, हे २०२५ साली स्पष्ट दिसले. एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि ते महिनोनमहिने बंद राहिले. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमाने फेरा घेऊन, व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबत जाऊ लागली. वाट लांबली म्हणून इंधन पुरेना. इंधनासाठी थांबले म्हणून कामाचे तास वाढले. तास वाढले म्हणून वाटेत माणसे बदलणे आले, आणि त्यासाठी ताजे वैमानिक आधीच परदेशात नेऊन ठेवणे आले. दिल्ली–वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवताना कंपनीने जी कारणे दिली, त्यांत विमानांच्या तुटवड्याबरोबर हे बंद आकाशही होते. भांडण दोन सरकारांचे, पण त्याचा शेवटचा भार येतो तो चार वैमानिकांच्या पापण्यांवर.

डिसेंबर २०२५ मध्ये आपण दुसरे चित्र पाहिले. ते मुख्यतः देशातल्या फेऱ्यांचे होते, पण हिशेब तोच. विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्येच नवे नियम जाहीर केले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि रात्रीच्या कामात विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोन. हे नियम लांबत लांबत दोन टप्प्यांत आले, दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ रोजी. तेव्हा इंडिगोकडे त्या नियमांना पुरतील एवढे वैमानिक पाळ्यांत बसेनात. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर फेऱ्या रद्द झाल्या. शेवटी त्या कंपनीला रात्रीच्या कामाच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट द्यावी लागली.

अडकलेल्या लोकांचे हाल खरे होते. विश्रांती वाढवली की वैमानिक जास्त लागतात आणि त्याचा खर्च तिकिटावर येतो, हेही खरे. पण पावणेदोन वर्षे आधी कळलेला पाऊस दारात आल्यावर छप्पर शाकारायला कोणी निघत नाही. सूट द्यावी लागली, याचा अर्थ अर्ध्या तासाच्या त्या राखीव इंधनाला हात लावला गेला, फक्त तो माणसांच्या अंगातला होता.

माझे म्हणणे एवढेच की विश्रांतीलाही त्या शेवटच्या अर्ध्या तासाचा मान मिळावा. कंपन्यांनी राखीव इंधनासारखी राखीव माणसे ठेवावीत आणि त्यांचा खर्च वायफळ समजू नये. थकलेल्या वैमानिकाला 'आज मला जमणार नाही' असे नोकरीची भीती न बाळगता म्हणता यावे. विमान थांबले तर प्रवाशांना खरे कारण वेळेवर सांगावे, जेवण-पाण्याची सोय करावी. आणि आपण प्रवाशांनी? घोषणा ऐकून ओरडण्याआधी एवढे आठवावे, की कोणीतरी नियम पाळला आहे म्हणूनच आपण जमिनीवर उभे राहून ओरडू शकतो.

भाचीला हे सगळे त्या दिवशी सांगितले नाही. सांगायची गरजही पडली नाही. दुपारी ती लाडू वळता वळता बसल्या जागी झोपली, ताट तसेच पुढ्यात. रात्री अडीचला मला जाग आली तर ही ओट्यावर टक्क जागी. मुंबई–कोलकाता अशी सरळ रेघ काढली, तर ती आमच्या वर्धा जिल्ह्यावरून जाते. रात्री विमानांचे दिवे दिसतात. तसाच एक दिवा लुकलुकत पूर्वेकडे चालला होता.

ती म्हणाली, "मामाजी, मी तर नुसती बसून आले. तरी दोन दिवस झाले, दिवस कोणता अन् रात्र कोणती, कळत नाही."

मी काही बोललो नाही. ती दिवा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्या काउंटरवरच्या मुलीला मी फार बोलले हो."