डब्यातील ‘शाकाहारी मांस’ आणि वैद्याचे पथ्यपत्रक

दीर्घ आजारातून उठलेल्या रुग्णाचे बल वाढावे म्हणून आपण मांसरसाचा विचार करतो. परंतु घरात माळकरी, जैन वा लिंगायत परंपरा असेल तर तो विचार तेथेच थांबतो. अशा घरांतून हल्ली एक नवा प्रश्न येऊ लागला आहे : “डॉक्टर, मांस आम्हांला वर्ज्य, पण डब्यात मिळणारे सोयाचे किंवा फणसाचे शाकाहारी मांस दिले तर चालेल का?” आपल्या छत्रपती संभाजीनगरची ओळख असलेला नान-खलियादेखील हे पदार्थ वापरून घरी शाकाहारी पद्धतीने करता येतो, तेव्हा प्रश्नाचे कुतूहल समजण्यासारखे आहे. “वनस्पतीजन्य आहे ना, मग हरकत नाही,” असे म्हणून आपण मोकळे होतो. हे उत्तर अपुरे आहे, आणि काही रुग्णांच्या बाबतीत अपायकारकही ठरू शकते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मांसाहाराची आठवण करून देणारा शाकाहारी पदार्थ आपल्याला नवा नाही. बेसन, तीळ व खोबऱ्याची मासवडी झणझणीत रश्श्यासह आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. डब्यातील पदार्थाची कुळकथा मात्र निराळी आहे आणि ती एका चिकित्सकापासून सुरू होते. अमेरिकेत बॅटल क्रीक येथील आरोग्यधामाचे प्रमुख डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी गव्हातील ग्लूटेन व शेंगदाणे यांपासून मांसासारखा पदार्थ सिद्ध केला व १९०१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. म्हणजे रुग्णाच्या ताटासाठीच ही कल्पना प्रथम रुजली. म्हणूनच तिची परीक्षा वैद्याने करणे हे अप्रस्तुत नव्हे, तर आपले कर्तव्यच आहे.

ही परीक्षा कशी करावी, हे चरकाचार्यांनी विमानस्थानात आहारविधीच्या आठ विशेषायतनांतून सांगून ठेवले आहे. त्यांपैकी चार येथे विशेष उपयोगी पडतात.

पहिले आयतन प्रकृती. ‘शाकाहारी मांस’ हे एका द्रव्याचे नाव नव्हे. एका डब्यात सोया असतो, दुसऱ्यात गव्हाचे ग्लूटेन, तिसऱ्यात मिठाच्या पाण्यातील कच्चा फणस. कोरड्या सोयावडीत १०० ग्रॅममागे सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. कच्च्या फणसात ती जेमतेम २ ते ३ ग्रॅम. फणसाचे तंतू मांसासारखे दिसतात एवढेच; भावप्रकाशकारांनी तर कच्चा फणस गुरू, विष्टंभी व वातल सांगितला आहे. मंदाग्नी असलेल्या रुग्णाला तो ‘ताकदीसाठी’ देणे म्हणजे पोटफुगीला निमंत्रण होय.

सोयाबीनचा उल्लेख तर बृहत्त्रयीत नाही. अनुक्त द्रव्याविषयी त्या त्या देशातील लोकांचे म्हणणे पाहावे, अशी वाट चरकाच्या अन्नपानविधी अध्यायात दाखविली आहे. परंतु येथे एक अडचण आहे. मराठवाड्यात सोयाबीन हे आज खरिपाचे प्रमुख पीक आहे; परभणीच्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस ७१ व एमएयूएस १५८ यांसारखे वाण दिले. तरीही हे पीक बव्हंशी शेतातून मोंढ्यात व तेथून तेल गिरणीत जाते. मूग-उडदाविषयी आपल्या आजीला जे ठाऊक होते, तसा पिढ्यांचा अनुभव सोयाबीनच्या बाबतीत आपल्यापाशी नाही.

दुसरे आयतन करण, म्हणजे संस्कार. तोय, अग्नी, कालप्रकर्ष आणि भाजन या साऱ्यांनी द्रव्याचे गुण पालटतात. तेल काढून उरलेल्या सोयापिठाला यंत्रात उष्णता व दाब देऊन त्याचे तंतुमय तुकडे केले जातात. कच्च्या सोयातील प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे घटक उष्णतेने बऱ्याच अंशी नष्ट होतात, हा या संस्काराचा लाभ होय. पुढे हवाबंद डबा दाबयुक्त वाफेत साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू मारण्यासाठी ते आवश्यकच असते. म्हणून फुगलेला वा गळका डबा चव न घेता टाकून द्यावा, हे रुग्णाच्या घरी निक्षून सांगावे.

तिसरे आयतन राशी, म्हणजे मात्रा. वडीचा आकडा कोरड्या वजनाचा असतो; डब्यातील तुकडे पाणी पिऊन फुगलेले असतात. तेव्हा वेष्टनावर १०० ग्रॅम तयार पदार्थात किती प्रथिने आहेत, हेच पाहावे. त्याहून महत्त्वाचे लवण. वेष्टनावरील सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण कळते. समजा १०० ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ४०० ग्रॅमच्या डब्यात ४ ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमहून कमी आहे. भाजीत आपण वर घालतो ते मीठ निराळेच!

चौथे आयतन उपयोक्ता. उच्च रक्तदाब, हृद्रोग वा वृक्कविकार असलेल्यास खारा डबा अपथ्यच मानावा. वृक्करोग्याच्या प्रथिनांची मात्राही त्याच्या चिकित्सकाला विचारूनच ठरवावी. गव्हातील ग्लूटेन न सोसणाऱ्यास ग्लूटेनचा डबा पूर्ण वर्ज्य. थायरॉइडची थायरॉक्सिन गोळी घेणाऱ्याने सोया व गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयामुळे तिचे शोषण घटते. तसेच मांसातून मिळणारे बी-१२ जीवनसत्त्व या डब्यांत मुद्दाम मिसळल्याखेरीज नसते.

मग शाकाहारी रुग्णाने काय करावे? मुगाचे यूष, अग्नी सुधारल्यावर माष, दूध, तूप, खजूर, तीळ ही बृंहणाची वाट आपल्यापाशी आहेच. सोया हवाच असेल तर कोरडी वडी घरी भिजवून, उकळून, पिळून, बेताच्या मिठात व येसराच्या मसाल्यात शिजवावी. निरोगी माणसाने हौसेने क्वचित डबा उघडला तर त्यावर रागवण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप पदार्थाला नाही. ‘मांस’ या नावावरून त्यावर मांसरसाचे गुण आरोपित करण्याला आहे.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. वेष्टनावरील हिरवा ठिपका, किंवा २०२२ च्या नियमांनी आलेले व्हेगन चिन्ह, हा उगमाचा दाखला आहे, पथ्याचा नव्हे. त्याच वर्षीच्या ‘आयुर्वेद आहार’ नियमांनुसार ते नाव ग्रंथोक्त पद्धतीच्या अन्नालाच लागू होते, आणि त्यात जीवनसत्त्वे, खनिजे वा अमिनो आम्ले मिसळता येत नाहीत. म्हणून असे डबे च्यवनप्राशाच्या शेजारी मांडून ग्राहकाचा गैरसमज होऊ देऊ नये. ते विकायचेच असतील तर अन्नविक्रीची नोंदणी अथवा परवाना घेऊन, स्वतंत्र फळीवर ठेवावेत.

आणि व्यावसायिक बंधुभगिनींनी हे पदार्थ खाणाऱ्या रुग्णांचे अग्नी, मल, आध्मान व बल यांची नोंद केसपेपरावर अवश्य करावी. ज्या द्रव्याविषयी ग्रंथ मौन आहेत, त्याविषयी पुढील पिढी आपल्या नोंदींकडे पाहणार आहे. “हरकत नाही” एवढेच लिहून तिला रिकाम्या हाती परत पाठवणे आपल्याला शोभणार नाही.