फॉरमॅट नावाचा गंडादोरा

कॉम्प्युटर मधेच बंद पडतो, निळा पडदा येतो, आपोआप रीस्टार्ट होतो... तक्रार कुठलीही असो, आपल्याकडे उपाय एकच. "फॉरमॅट मार!" गल्लीतला हार्डवेअरवाला तेच सांगतो, ऑफिसातला मित्र तेच सांगतो आणि इंजिनिअर झालेला पुतण्या तर फोनवरूनच सांगून मोकळा होतो.

मंडळी, हा उपाय नाही, गंडादोरा आहे. आणि तो बांधणाऱ्यांत आपण आयटीवाले सगळ्यात पुढे, याची मला जास्त चीड आहे. ऑफिसात सर्व्हर रात्री दोन मिनिटं झोपला, तर सकाळी आपण मीटिंग लावतो, लॉग काढतो, 'रूट कॉज' शोधतो. घरी काकांचा पीसी महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडला तर एकदाही 'का' म्हणून विचारत नाही. जणू लॉग फक्त क्लायंट पैसे देतो म्हणूनच वाचायचे असतात!

साधी गोष्ट आहे. फॉरमॅटने डिस्कवरचं सॉफ्टवेअर बदलतं. रॅमच्या चिपमधला खराब बिट किंवा एसएमपीएसमधला फुगलेला कपॅसिटर फॉरमॅटने बरा होत नाही.

"पण फॉरमॅटनंतर नीट चालला की आठ दिवस!" चालणारच. नव्या विंडोजवर धड काही टाकलेलं नसतं. रॅम कमी भरते, त्यामुळे तो खराब भाग वापरात यायची शक्यता कमी. प्रोसेसरवर ताण नसतो, म्हणून एसएमपीएसही कसंबसं निभावून नेतं. मग हळूहळू टॅली येतं, गेम येतात, ब्राउझरचे वीस टॅब येतात आणि पीसी परत झोपतो. मग पुन्हा फॉरमॅट, पुन्हा पैसे. गंडा दोन्ही अर्थांनी!

नुसते पैसे गेले असते तरी मी गप्प बसलो असतो. खरं नुकसान पुढेच आहे. फॉरमॅटच्या आधी 'बॅकअप' घेतला जातो, तो त्याच मशीनवर, त्याच खराब रॅममधून. डिस्कवरून वाचलेली प्रत्येक फाइल आधी रॅममध्ये येते आणि मग पेनड्राइव्हवर जाते. वाटेत एखादा बिट पालटला तर कुठलाही इशारा येत नाही. लग्नाचे फोटो अर्धे राखाडी निघतात, झिप फाइल 'सीआरसी एरर' देते, आणि हे कळतं तेव्हा मूळ प्रत पुसून झालेली असते.

रॅम खराब होणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. गूगलच्या सर्व्हरवर सुमारे अडीच वर्षं नोंदी ठेवून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त रॅम मॉड्यूल्समध्ये चुका आढळल्या होत्या आणि त्या बहुतेक हार्डवेअरच्याच दोषामुळे होत्या. त्या सर्व्हरना चुका पकडणारी ईसीसी रॅम तरी होती. आपल्या घरच्या डेस्कटॉपला सहसा तीही नसते. ईसीसी सामान्य ग्राहकापासून लांब ठेवली म्हणून लिनस टॉरवाल्ड्सने जानेवारी २०२१ मध्ये इंटेलवर जाहीर आगपाखड केली होती. माणूस फटकळ आहे, पण मुद्दा शंभर टक्के बरोबर.

आता एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणाऱ्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं आणि आपण खूश. त्याच लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती लिहिलेत ते वाचा. १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच लाइनवर जगतात. चाळीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आणि एसएमपीएसमध्ये हजार रुपये वाचवायचे, याला काटकसर म्हणत नाहीत.

निदान करायला काही पीएचडी लागत नाही. दर वेळी वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, वेगळ्या मेसेजचा निळा पडदा येत असेल तर पहिला संशय रॅमवर. बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल तर बंद करून बघा. पीसी बंद करून, वायर काढून, रॅमचे सोनेरी पाय स्वच्छ खोडरबराने पुसा आणि नीट बसवा. मग मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. तेवढंही नको असेल तर विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक आहेच. एक जरी एरर आली तरी ती जास्तच. मग एकेक स्टिक लावून कुठली नापास होते ते शोधा.

निळा पडदा न येता, गेम किंवा रेंडरिंग सुरू केल्यावर पीसी पटकन मरत असेल तर संशय एसएमपीएसवर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' शोधा. त्यात बगचेक कोड शून्य असेल, तर विंडोजला क्रॅश नोंदवायलाही वेळ मिळाला नाही. वीज तुटली असेल किंवा मशीन पार गोठलं असेल. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या बाहेर गेली तर निकाल लागलाच. आत असली तरी सुटका नाही, कारण क्षणभराची घसरण मीटरला दिसत नाही. खात्रीची परीक्षा म्हणजे दुसरं चांगलं एसएमपीएस लावून बघणं. मात्र त्याचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा नेहमीचा प्रश्न. अहो, मेमटेस्ट तुम्ही झोपलेले असताना चालतो. विंडोज, ड्रायव्हर, प्रिंटर, टॅली आणि काकूंचे मराठी फाँट परत टाकायला मात्र अख्खा रविवार जातो. हार्डवेअरवाल्याला तरी मी एका मर्यादेपर्यंत माफ करीन. त्याला फॉरमॅटचे ठरावीक पैसे मिळतात, निदानाचे कुणी देत नाही. निदानाचे पैसे द्यायची सवय आपण लावली असती तर त्यानेही मल्टिमीटर बाहेर काढला असता.

फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. व्हायरस असेल, ड्रायव्हरचा गोंधळ असेल तर जरूर करा. पण रॅम आणि एसएमपीएस पास झाल्यावर, आणि बॅकअप दुसऱ्या धडधाकट मशीनवर डिस्क लावून घेतल्यावर. ज्याला हे करायचं नाही त्याने निदान स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेत सल्ले देऊ नयेत. 'मला माहीत नाही' हे उत्तर 'फॉरमॅट मार'पेक्षा केव्हाही प्रामाणिक आहे, आणि त्याने कुणाचे फोटो जात नाहीत.