आधी कोण चढणार?



आज एक कोडं सोडवू या. नागपूरहून सामानाचा एक ट्रक निघणार आहे. वाटेत आधी भंडारा, मग तुमसर, मग तिरोडा आणि शेवटी गोंदिया. चारही गावांची खोकी बाहेर रचून ठेवली आहेत. सांगा पाहू, ट्रकमध्ये आधी कुठली खोकी चढवायची?

"भंडाऱ्याची! ते गाव आधी येतं ना!" असं म्हणालात? मग फसलात की!

ट्रकचं दार असतं मागे. आधी चढवलेलं खोकं जाऊन बसतं पार आत, ड्रायव्हरच्या पाठीशी. म्हणून आधी गोंदिया, मग तिरोडा, मग तुमसर आणि अगदी दाराशी भंडारा. शेवटी उतरणार तो आधी चढणार! हे उलटं झालं, तर भंडाऱ्यालाच सगळा ट्रक रिकामा करून पुन्हा भरावा लागेल. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात त्या हमालदादांच्या पाठीचं काय होईल, विचार करा.

आणखी एक गंमत. जड खोकी खाली आणि हलकी वर, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण गोंदियाची हलकी खोकी तुमसरच्या जड पेट्यांवर ठेवली तर? तुमसरला पुन्हा उचलाउचल! म्हणून प्रत्येक गावाची वेगळी भिंत रचतात, खालून वर. वजन दोन्ही बाजूंना सारखं ठेवतात, नाहीतर वळणावर ट्रक कलंडायचा.

आता चिठ्ठीचं बघू. ती खोक्याच्या वर नको, बाजूला चिकटवा. वर दुसरं खोकं बसलं की वरची चिठ्ठी दिसणार कशी? आत काच असेल, तर बाहेर पेल्याचं चित्र काढा. दोन बाण काढले की वरची बाजू कुठली ते कळतं. चित्राला भाषा लागत नाही.

आणि पत्ता? नुसतं 'तिरोडा' लिहून भागत नाही बरं का! एक तिरोडा गोंदिया जिल्ह्यात आणि दुसरं थेट सिंधुदुर्गात, सावंतवाडी तालुक्यात! असे घोळ टळावेत म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. तो तयार करणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे मोठे पंडित.

आपल्या तिरोड्याचा पिनकोड ४४१९११. पहिला ४ सांगतो की हे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड यांपैकी आहे. पहिले तीन अंक मिळून सांगतात, टपालाची छाननी कुठल्या विभागात व्हायची. शेवटचे तीन सांगतात टपाल कचेरी. सिंधुदुर्गातल्या तिरोड्याचा पिनकोड सुरू होतो ४१६ ने. म्हणजे तिसऱ्या अंकापर्यंतच दोन्ही गावं वेगळी झाली!

पण शेवटच्या १ ऐवजी २ लिहिला, तर? ४४१९१२ म्हणजे तुमसर. ताईनं वेळेवर टाकलेलं राखीचं पाकीट तिकडे उतरणार आणि तिरोड्याचा दादा रिकाम्या मनगटानं वाट बघत बसणार. ताईची चूक एका अंकाची, पण राखीपौर्णिमा काही थांबत नाही!

तर मित्रांनो, आज घरी एक करून पाहा. बुटांचं खोकं आडवं ठेवा, तो ट्रक. काड्यापेट्यांवर चार गावांची नावं लिहा आणि भरा. एकही पेटी दोनदा न हलवता चारही गावांचा माल उतरवता आला, तर तुम्ही पास!

आणि यापुढे पत्ता लिहिताना पिनकोड दोनदा तपासा. तुमचं अक्षर वाचणारा माणूस तुम्हाला कधी भेटणार नाही. पण त्याचं काम सोपं करणं तुमच्याच हातात आहे.