ताप गेला, सांधे धरले : पहिला रुपया कुठे घालायचा?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले पर्जन्यछायेतले तालुके. घोड आणि भीमेच्या काठी ऊस उभा असतो, कालव्याला पाणी असते. पण अनेक गावांत, वाड्यावस्त्यांवर नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून घराघरांत पिंप, टाकी, हौद, रांजण भरून ठेवलेले असतात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींभोवतीच्या भाड्याच्या खोल्यांतही तीच तऱ्हा. एडिस डासाला याहून अधिक काही लागत नाही. स्वच्छ, साठलेल्या पाण्यात त्याच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. २०२४च्या पावसाळ्यात पुण्यासह राज्याच्या अनेक भागांत चिकुनगुन्याने पुन्हा डोके वर काढले, त्यामागचे हे साधे गणित आहे.

ताप चार-पाच दिवसांत उतरतो. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, घोटे सुजतात, भाकरी थापताना मनगट साथ देत नाही, जिना उतरताना हात धरावा लागतो. हे दुखणे कुणाला तीन आठवडे पुरते, कुणाला तीन महिने, काहींना वर्षभर. ऊसतोडीला किंवा कंपनीत रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचा याच काळात रोज बुडतो. मग कुणी गुळवेलीचा काढा सांगतो, कुणी अश्वगंधा, कुणी हळदीच्या कॅप्सूल, कुणी कोलॅजनची पावडर, तर कुणी बाजारच्या दिवशी मिळणारी बिननावाची पुडी. एकेक वस्तू स्वस्त वाटते. पण सगळ्यांची महिन्याची बेरीज केली, तर ती किराण्याला भिडते. पैसे मोजकेच असतील, तर आधी कशावर खर्च करावा आणि कशावर अजिबात करू नये, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. अमेरिकेत आणि युरोपात गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम नावाचा आजार आहे. प्रतिजैविकांनी तो बहुतेकांत बरा होतो, पण काहींना नंतर कित्येक महिने थकवा आणि सांधेदुखी राहते. त्यांच्यावर प्रतिजैविकांचा दीर्घ मारा करून पाहिला गेला. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ९० दिवसांचे औषध आणि २०१६ साली नेदरलँड्समधल्या चाचणीत १२ आठवड्यांचे वाढीव औषध दिले गेले. खोट्या गोळीपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. मग लोक वनौषधींकडे वळले. २०२० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी काही वनस्पतींचे अर्क परीक्षानळीत लाइमच्या जंतूंवर परिणाम करतात असे दाखवले आणि त्यावर मोठी बाजारपेठ उभी राहिली. पण परीक्षानळीत जंतू मरणे आणि माणूस बरा होणे यांत फार अंतर असते. चिकुनगुन्याच्या बाबतीतही नेमकी हीच गफलत होते. अमुक वनस्पती विषाणूला मारते, असे सांगितले जाते. पण तीन महिन्यांनी दुखणाऱ्या सांध्यात प्रश्न बहुधा जिवंत विषाणूचा उरलेला नसतो, तर शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने पेटवलेल्या दाहाचा असतो.

आपल्याकडे या दुखण्याचा अनुभव जुना आहे. १९५२ साली टांझानियात हा रोग प्रथम ओळखला गेला. तिथल्या माकोंदे भाषेत या नावाचा अर्थ सांध्यांनी वाकवून टाकणारा असा आहे. महाराष्ट्रात १९७३ साली बार्शीत मोठी साथ आली. नंतर तीन दशके तो जवळपास विसरला गेला आणि २००५-०६ मध्ये परतला. २००६ या एका वर्षात देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. त्या साथीनंतर पुण्यातील सांधेविकारतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोलापूर जिल्ह्यातील एका गावातल्या रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. त्यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की बहुतेकांचे दुखणे काळाबरोबर ओसरले. दोन वर्षांनी दुखत राहिलेले मोजकेच होते.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. जे दुखणे बहुतेकांत आपोआप कमी होणार असते, त्यावर तिसऱ्या महिन्यात सुरू केलेली कोणतीही पुडी चौथ्या महिन्यात ‘लागू पडते’. शेजारी तिचे गुण गातो, आणि तो खोटे बोलत नसतो. म्हणूनच शेजाऱ्याच्या अनुभवावर नव्हे, तर दोन गटांची तुलना करणाऱ्या चाचणीवर भरवसा ठेवावा लागतो. हा नियम ॲलोपॅथीलाही लागू आहे. चिकुनगुन्याच्या सांधेदुखीवर क्लोरोक्विन सर्रास दिले जात होते. डॉ. चोप्रांच्याच गटाने त्याची साध्या वेदनाशामकाशी तुलना केली आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : सुरुवातीच्या दुखण्यात क्लोरोक्विन सरस ठरले नाही.

आता खर्चाचा क्रम लावू. समजा, महिन्याला औषधपाण्यासाठी हाताशी १००० रुपये आहेत.

पहिला रुपया निदानावर. सांधे दुखतात म्हणजे चिकुनगुन्याच, असे नाही. डेंगी, संधिवात, युरिक ॲसिड वाढणे, थायरॉइडचा विकार यांतही दुखते. ताप येऊन पाच-सहा दिवस झाले की रक्तातील आयजीएम चाचणीतून चिकुनगुन्या कळतो. सरकारी यंत्रणेतील केंद्रांना या चाचणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुरवते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यामुळे तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाची पायरी आधी चढली, तर हा पहिला रुपया वाचूही शकतो.

दुसरा रुपया साध्या गोळीवर. तापाच्या दिवसांत पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती एवढेच पुरते. डेंगी नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका असतो. पॅरासिटामॉलसुद्धा मनाला येईल तेवढे घ्यायचे नसते. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर मोठ्या माणसाने दिवसाला ३ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांच्या आत राहावे. जनऔषधी दुकानात ही गोळी अगदी स्वस्त मिळते.

तिसरा रुपया, म्हणजे खरे तर वेळ, हालचालीवर. सूज उतरू लागली की कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडणे-मिटणे, मऊ चेंडू दाबणे, घोटे गोल फिरवणे, थोडे थोडे चालणे. पूर्ण अंथरूण धरले तर सांधे आखडतात आणि स्नायू ओसरतात. याला पैसे लागत नाहीत, म्हणून याची जाहिरातही कुणी करत नाही.

चौथा रुपया ताटावर. ‘सप्लिमेंट’च्या डब्यातली प्रथिने शेंगदाणे, हरभरा, मटकी, अंडी, दूध यांत कमी पैशांत मिळतात. ओमेगा-३ मेदाम्लांचा संधिवातात थोडा उपयोग दिसला आहे, तो प्रामुख्याने माशाच्या तेलाचा. जवसातले ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे आणि शरीराला कमी लागू पडणारे असते. तरी जवसाची चटणी स्वस्त आहे, रुचकर आहे आणि तिने बिघडत काही नाही. ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे खूप आढळते, विशेषतः शाकाहारी घरांत. ती तपासणीत दिसली तर जरूर भरून काढावी, कारण कमतरतेमुळेही अंग दुखते आणि थकवा येतो. पण कमतरता नसताना ‘ड’च्या जास्त मात्रेच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो.

वनौषधी येतात त्या पाचव्या पायरीवर. त्यांना सरसकट थोतांड म्हणणे चूक ठरेल. दौंड तालुका ओलांडून सोलापूरकडे निघाले की भिगवण लागते. तिथे १९९६ साली सांधेदुखीची एक मोठी पाहणी सुरू झाली. चार हजारांवर प्रौढांच्या त्या पाहणीत जवळपास दर पाच-सहा माणसांमागे एकाला हाडे-सांध्यांचे दुखणे आढळले. हे काम डॉ. चोप्रांच्या गटाचेच. याच गटाने पुढे सुंठ, गुळवेल, आवळा, सालई गुग्गुळ यांच्या मिश्रणांची गुडघ्याच्या झिजेवर रीतसर चाचणी घेतली. ४४० रुग्णांची ती चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. ही मिश्रणे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्या तोडीची ठरली. मात्र काही रुग्णांत यकृताचे एक विकर वाढलेले दिसले आणि औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. या एका अभ्यासात दोन्ही बाजू आहेत : वनौषधीत गुण असू शकतो, आणि ज्यात गुण असतो त्यात दोषही असू शकतो. शिवाय ही चाचणी गुडघ्याच्या झिजेवर होती, चिकुनगुन्यानंतरच्या सांधेदुखीवर नव्हे.

म्हणून घ्यायचेच असेल तर एका वेळी एकच औषध घ्यावे, नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्याने, सहा ते आठ आठवडे. सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहतात हे रोज वहीत लिहावे. फरक नसेल तर थांबावे. हळद स्वयंपाकात आहेच. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलचा गुडघेदुखीत थोडा फायदा छोट्या अभ्यासांत दिसला आहे. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ग्लुकोसामाइन आणि कोलॅजनवर या दुखण्यासाठी पैसे घालण्यासारखा पुरावा नाही. पपईच्या पानांच्या रसाचा बोलबाला डेंगीतील प्लेटलेटसाठी झाला. सांध्यांशी त्याचा संबंध नाही.

गुळवेलीबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण बांधावरची वेल म्हणून ती फुकट मिळते. कोविडच्या काळात तिचा काढा घराघरांत गेला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताचा दाह झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला; ती वेल गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यानेही यकृताच्या इजेकडेच बोट दाखवले. लाखो लोकांनी काढा घेतला, त्या मानाने हे रुग्ण थोडे आहेत. पण थायरॉइडचा विकार, मधुमेह किंवा आधीचे यकृताचे दुखणे असणाऱ्यांनी हा धोका पत्करू नये. अश्वगंधेबाबतही यकृताच्या इजेच्या नोंदी आहेत. डोळे-लघवी पिवळी होणे, भूक मरणे, अंगाला खाज सुटणे यांपैकी काही दिसले, तर काढा बंद करून तातडीने दवाखाना गाठावा.

आता ज्यावर एक पैसाही घालू नये ते. लेबल नसलेली पुडी. ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळल्याचे पुन्हा पुन्हा उघड झाले आहे. स्टेरॉइडने खरोखरच दोन दिवसांत बरे वाटते; नंतर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. ती बरेच दिवस घेतली असेल, तर अचानक बंद करणेही धोक्याचे असते. उरलेली पुडी डॉक्टरांना दाखवूनच पुढचे ठरवावे. जड धातूंचा धोका वेगळाच. २००८ साली एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. म्हणून भस्मे आणि रसकल्प स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

कायदा आपल्याला यातून वाचवेल, या भरवशावर राहता येत नाही. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४पासून आहे. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी परवानगी लागेल, असा नियम पुढे आला. केंद्राने जुलै २०२४ मध्ये तो वगळला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. हा वाद दिल्लीत चालू असताना बाजारातल्या भोंग्यावरची जाहिरात काही थांबली नाही. ‘पूरक आहार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांना तर खाद्यपदार्थाचा परवाना असतो. परवाना क्रमांक आहे याचा अर्थ ते आजार बरा करते असा नव्हे.

तीन महिन्यांनंतरही सूज असेल, सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, तर उरलेले सगळे पैसे बाजूला ठेवून सांधेविकारतज्ज्ञाकडे जावे. चिकुनगुन्यानंतर काहींना संधिवातासारखा आजार जडतो. त्याला मेथोट्रेक्सेटसारखी औषधे देतात. ती महाग नाहीत, पण देखरेखीशिवाय घेण्याचीही नाहीत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत. ते चालू असताना यकृतावर ताण आणणारा कोणताही काढा नको. पुण्याचे ससून रुग्णालय रेल्वे स्थानकाला लागूनच आहे; दौंडहून रेल्वेने जाणाऱ्याला रिक्षाचाही खर्च पडत नाही.

आणि सगळ्यांत स्वस्त औषध आठवड्यातून एका दिवसाचे. पिंप, हौद, रांजण रिकामे करून, घासून, कोरडे करून मग भरायचे. टाकीला घट्ट झाकण लावायचे. ट्रॅक्टरचे जुने टायर छपराखाली घ्यायचे. चिकुनगुन्याचा डास दिवसा चावतो आणि फार दूर उडत नाही. तो बहुधा आपल्याच घरचा किंवा शेजारचा असतो. पाणी रोज येऊ लागले तर ही पिंपेच लागणार नाहीत. सांधेदुखीवर घरोघर होणाऱ्या खर्चाचा हिशेब कधी ग्रामसभेत मांडला, तर नळाला रोज पाणी देणे किती स्वस्त पडते, हेही कळेल.