'बँका सावरल्या' : कर्ता कोण?

१९९७-९८ च्या आशियाई वित्तसंकटाविषयी लिहिताना आपले अर्थविषयक लेखक एका वाक्यापाशी येऊन निश्चिंत होतात : 'दोन-तीन वर्षांत तिथल्या बँका सावरल्या.' अर्थशास्त्र आपले क्षेत्र नव्हे म्हणून साहित्याचे अभ्यासकही मान डोलावून पुढे जातात. निदान व्याकरण शिकवणाऱ्यांनी तरी इथे थांबायला हवे. 'सावरणे' हे क्रियापद अकर्मक आहे, तसेच सकर्मकही. 'पडता पडता तो सावरला' हे एक, 'तिने घर सावरले' हे दुसरे. 'बँका सावरल्या' या वाक्यात दोन्ही अर्थ बसतात : बँका आपल्या बळावर उभ्या राहिल्या, किंवा कोणीतरी बँका सावरल्या. आमचे म्हणणे असे, की पहिला अर्थ खोटा आहे आणि दुसऱ्यातला तृतीयान्त कर्ता हेतुपुरस्सर गाळला जातो.

दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्या, कारण कौतुक सर्वाधिक त्याचेच होते. तिथे 'कॅम्को' या सरकारी संस्थेने १९९७ च्या अखेरीपासून पाच वर्षांत सुमारे १११ लाख कोटी वॉन दर्शनी किमतीची बुडीत कर्जे सुमारे ३९ लाख कोटी वॉनला उचलली. ताळेबंद स्वच्छ झाले ते असे. शिवाय सरकारने बँकांत नवे भांडवल ओतले. फेब्रुवारी १९९८ मध्ये कामगार कायदा बदलून नोकरकपातीची वाट मोकळी करण्यात आली आणि १९९७ मध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी वर्षभरात सात टक्क्यांच्या घरात गेली. नाणेनिधीचे कर्ज ऑगस्ट २००१ मध्ये मुदतीपूर्वी फिटले, हे खरेच. पण कोरियन माणूस त्या काळाला आजही 'आयएमएफचा काळ' म्हणतो. ज्या भाषेत कर्ज देणाऱ्याचे नाव दुष्काळासारखे कालगणनेला चिकटते, तिथल्या लोकांना कर्ता कोण हे विचारावे लागत नाही.

या कथेत सोन्याचा प्रसंग मात्र कोणी गाळत नाही. १९९८ च्या आरंभी सुमारे पस्तीस लाख लोकांनी अंगठ्या, साखळ्या बाहेर काढल्या आणि २२७ टन सोने जमले. प्रसंग हृद्य आहे, यात शंका नाही. पण त्याची किंमत दोन अब्ज डॉलरांहून थोडी अधिक, आणि जाहीर झालेले साहाय्य सुमारे ५८ अब्जांचे. अंगठीची गोष्ट सांगितली की कामगार कायद्याची गोष्ट सांगावी लागत नाही, एवढीच या हृद्यतेची उपयुक्तता.

मग बँका बुडू द्यायच्या होत्या काय, असे कोणी विचारील. मुळीच नाही. इंडोनेशियात १ नोव्हेंबर १९९७ रोजी नाणेनिधीच्या कार्यक्रमानुसार सोळा बँका बंद करण्यात आल्या. सर्व ठेवींना पूर्ण हमी नव्हती. ठेवीदार घाबरले आणि उरलेल्या खाजगी बँकांतूनही पैसे काढू लागले. सरसकट हमी आली ती जानेवारी १९९८ मध्ये, तोवर आग पसरली होती. त्या वर्षी तिथले राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १३ टक्क्यांनी घटले आणि बँका वाचवण्याचा सरकारी खर्च वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक झाला. म्हणजे बँका सावरणे अटळ होते. आमचा आक्षेप सावरण्याला नाही, सावरणाऱ्याचे नाव पुसण्याला आहे. कारण नाव पुसले की त्याचा हिस्साही पुसला जातो.

(या देशांना 'उदयोन्मुख' म्हणण्याची रीत आहे. आपल्याकडे पहिला संग्रह काढलेल्या कवीलाही हेच विशेषण लावतात आणि पुढे वीस वर्षे काढत नाहीत. दोन्हीकडे ते लावणारा स्वतःला उदय पावलेला समजतो.)

हिश्शाचा प्रश्न कोरिया फर्स्ट बँकेच्या बाबतीत स्वच्छ दिसतो. सरकारने ती ताब्यात घेतली, तिच्यात सार्वजनिक पैसा घातला आणि ५१ टक्के वाटा न्यूब्रिज या अमेरिकी गुंतवणूक संस्थेला सुमारे ५० हजार कोटी वॉनला दिला. २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्डने संपूर्ण बँक सुमारे ३.४ लाख कोटी वॉनला घेतली. त्यातला जवळजवळ निम्मा भाग न्यूब्रिजचा. उरलेला सरकारकडे आला, पण त्याआधी सरकारने घातलेले किती, हे त्याच्याशेजारी मांडल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

याच बँकेतून हजारो माणसे कमी झाली. १९९८ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांवर एक चित्रफीत निघाली आणि ती देशभर 'अश्रूंची चित्रफीत' म्हणून ओळखली गेली. निरोप घेणारी आणि मागे राहणारी माणसे तीत स्वतः बोलतात, प्रथमपुरुषात. कर्ता गाळलेल्या वाक्याशेजारी ती वर्गात दाखवायला हरकत नसावी.