माय भिजली, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असते, त्या निमित्ताने आम्ही दोन दिवस बहिणीकडे वालूरला जातो. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्याचे हे गाव. २०२५ च्या सप्टेंबरात गेलो तेव्हा झड लागलेली होती. त्या महिन्यात पावसाने मराठवाड्याचे काय केले हे आमच्या वाचक बंधू-भगिनींना वेगळे सांगायला नको. दिवेलागणीला बहीण शेतातून आली ती खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन. खोळ असून नसल्यासारखीच. लुगडे अंगाला चिकटलेले, पदरातून पाणी निथळते आहे आणि उंबऱ्यात थारोळे साचले आहे.

"जयभीम दादा! कवा आलास? थांब, वल्लं गच्च झाले मी, लुगडं बदलून येते," असे म्हणून ती आत गेली.

भाची नववीत आहे. ती कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. आम्ही वहीकडे पाहिले, तशी तिने ती झाकली. बरेच आढेवेढे झाल्यावर कळले ते असे. शाळेत इंग्रजीचा निबंध होता, पावसाळ्यातल्या एका दिवसावर. बाकी मुलांनी गाईडातला उतरवला. हिने आपल्या आईवर लिहिला. त्यात एक वाक्य होते : ‘माय मदर वेट हरसेल्फ इन द रेन.’ ते वर्गात मोठ्याने वाचले गेले, हशा पिकला आणि का हसले हे तिला कुणीच सांगितले नाही. पोरीने त्या दिवसापासून ठरवले की आपले गाईडच बरे.

आम्हाला हसणाऱ्यांचा राग आला, तो लपवत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. नऊ वर्षे शिकून जी मुलगी गाईड बाजूला ठेवून स्वतःच्या घरातले लिहिते, तिला चूक समजावून सांगायला अर्धे मिनिट पुरले असते. चूक एवढीच, की ‘वेट’ हे क्रियापद ‘स्वतःला’ जोडून आले की त्याचा अर्थ तान्ही लेकरे अंथरुणात करतात तो होतो. पावसात माणूस ‘गॉट वेट’ होतो. ‘शी गॉट वेट.’ झाले.

हे सांगितल्यावर ती आधी लाजली, मग हसली आणि लगेच म्हणाली, "पण मामा, ‘गॉट वेट’ म्हणजे नुसती भिजली ना? माय तर चिंब झालती."

प्रश्न बरोबर होता. आपण तरी नुसते ‘भिजली’ कुठे म्हणतो? हात धुतला तरी ओला होतो. पण दिवसभर झडीत खुरपून आलेली बाई चिंब असते, गच्च असते, निथळत असते. इंग्रजीतही अशी उतरंड आहे, आणि ती पाठ करण्यापेक्षा कपड्यांवरून समजून घ्यावी. दोरीवरचे लुगडे वाळत आले आहे, पण हाताला अजून गार लागते, ते ‘डॅम्प’. पावसाळ्यात भिंतीला येते ती ओलही ‘डॅम्प’. हवेचा दमटपणा मात्र ‘ह्यूमिड’, तो शब्द कपड्याला लावायचा नाही. ‘मॉइस्ट’ म्हणजे हवीहवीशी ओल, पेरणीच्या वेळची माती, मऊ केक, भरून आलेले डोळे. मग ‘वेट’. आणि पाणी कापडाच्या आरपार गेले की ‘सोक्ड’. त्याहून पुढे ‘सोक्ड टू द स्किन’, म्हणजे पाणी कातडीपर्यंत पोचले, कापड आणि अंग यांत कोरडे काही राहिले नाही.

‘सोक’ हा शब्द भाचीला ओळखीचा निघाला. डाळ भिजत घालायची त्यालाही ‘सोक’च म्हणतात, हे तिने पाककृतीच्या पाकिटावर वाचले होते. मुळात हा शब्द चोखण्याच्या, शोषून घेण्याच्या इंग्रजी शब्दाचा भाऊबंद आहे. डाळ पाणी पिते, लुगडे पाणी पिते.

आणि ‘ड्रेन्च्ड’? हा तर थेट गोठ्यातला आहे. ‘ड्रिंक’ म्हणजे पिणे आणि ‘ड्रेन्च’ म्हणजे पाजणे, असे हे मूळचे नाते. शेळ्यामेंढ्यांना जंताचे औषध तोंड उघडून घशात ओततात, त्याला पशुवैद्य आजही ‘ड्रेन्चिंग’च म्हणतात. जनावराची इच्छा असो नसो, पाजायचे. पावसाने माणसाला असे धरून पाजले की तो ‘ड्रेन्च्ड’. म्हणून या शब्दात पावसाचा जोर आहे, अचानक गाठलेल्या सरीचा. घामानेही माणूस ‘ड्रेन्च्ड’ होतो, आणि वीटभट्टीवर काम केलेल्याला तो अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही.

‘सॉडन’ चुलीवरचा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ उकडलेले असा होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात मांस शिजवण्याच्या संदर्भात तो तसा सापडतो. पाण्यात शिजून शिजून लिबलिबीत झालेली वस्तू, यावरून पुढे फार काळ पाण्यात राहून जीव गेलेल्या मातीला आणि कपड्याला तो लागला. ‘रिंगिंग वेट’ म्हणजे पिळले तर धार लागेल असे. तो शब्द धुण्याच्या दगडावरचा. आम्ही भाचीला म्हटले, बघ, गोठा, चूल, धुणे! हे शब्द घडवणारे लोक आपल्यासारखेच राबणारे होते. ज्या घरात मोलकरीण पिळते आणि गडी औषध पाजतो, तिथल्या पोराला हे शब्द पाठ करावे लागतील. तुला नाही.

एक खोच मात्र ध्यानात ठेवायला हवी. ‘सोक्ड’, ‘ड्रेन्च्ड’ यांच्यामागे ‘व्हेरी’ बसत नाही. आपणही ‘फार ओलाचिंब’ म्हणत नाही, चिंब म्हटल्यावर फार ते काय राहिले? आणि आपल्या ‘ओला’ला जसे ‘चिंब’ नि ‘गच्च’ चिकटतात, तसे इंग्रजीत ‘वेट’ला पुढून चिकटतात : ‘सोकिंग वेट’, ‘ड्रिपिंग वेट’. गाईडात ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हटकून असते. ते चूक नाही, पण जुने झाले, आणि सगळ्या वर्गाने एकदम लिहिले की तपासणाऱ्याला कुत्र्यामांजरांचा वीट येत असावा.

रात्री मेहुणे सोयाबीनबद्दल बोलू लागले. बटईचे रान, उभे पीक पाण्यात. भाचीने विचारले, याला काय म्हणायचं? पीक पाण्याखाली बुडाले तर ‘सबमर्ज्ड’. पीक वर दिसते, पण मुळाशी पाणी तुंबले आणि निचरा नाही, तर ‘वॉटरलॉग्ड’. हा शब्द आधी पाणी भरून जागचे न हलणाऱ्या जहाजाला होता, मग शेताला आला. आपल्या काळ्या रानाला तो नेमका बसतो. ‘चिबड’ म्हणतात ते हेच. उलट आपला ‘वाफसा’ इंग्रजाला एका शब्दात सांगता येत नाही, त्याला तिथे वाक्यच करावे लागते. मेहुण्यांना या चर्चेत फारसा रस नव्हता, आणि तेही खरेच. सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात ती मंडळातल्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर. ६० पडला तर माणूस काही कमी भिजत नाही.

आणखी एक गंमत. इंग्रजीत माणसाला ‘वेट’ म्हणणे ही टर आहे. १९८० च्या दशकात पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या पक्षातले जे नेते त्यांच्या कडक धोरणाला कचरत, त्यांना ‘वेट्स’ म्हणून हिणवले जाई. जिथे बारमाही रिपरिप, तिथे ओला म्हणजे लेचापेचा. आणि १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आपल्या मुलखात ओलावा म्हणजे माया, कोरडा म्हणजे ज्याला माया नाही तो.

सकाळी पाऊस उघडला, तशी भाची आम्हाला बारव दाखवायला घेऊन गेली. वालूरची बारव पाहण्यासारखी आहे. पायऱ्या सरळ न उतरता विहिरीच्या पोटात गोल फिरत खाली जातात. गावकऱ्यांनी गाळ-कचरा उपसून ती मोकळी केली. शेवाळावरून पाय जपून टाकत भाची पायरीगणिक शब्द म्हणत होती, वरच्या पायरीला ‘डॅम्प’, खाली ‘वेट’, आणि दगडांच्या सांध्यातून पाणी झिरपत होते तिथे थांबून ‘ड्रिपिंग’.

निघताना तिने नवा निबंध दाखवला. ‘माय मदर केम होम सोक्ड टू द स्किन,’ असे पहिलेच वाक्य. बहीण भाकरी थापत होती. तिने विचारले, काय लिहिलंय ते मला सांग. पोरीने मराठीत सांगितले.

"अन् पोत्याचं?" बहीण म्हणाली. "ते पोतं नसतं तर डोस्कं फुटलं असतं पावसानं. त्याचं लिही की."

भाचीने पेनाचे टोपण काढले आणि आमच्याकडे पाहिले. "मामा, खोळीला काय म्हणतात?"