उडालेल्या फ्यूजचे म्हणणे

गेल्या आषाढात सावंतवाडीला आप्तांकडे बारसे होते. निपाणीहून तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा असे करीत आम्ही सहकुटुंब निघालो. गाडी आम्हीच हाकीत होतो. मागे सूनबाईंच्या मांडीवर दीड वर्षाचा नातू झोपला होता. आंबोली हे वर्षाला सुमारे 7000 मिलिमीटर पाऊस झेलणारे गाव. घाट उतरू लागलो तोच गाडीत काही तरी करपल्याचा वास आला, आतला हवेचा पंखा म्हणजे ब्लोअर बंद पडला, आणि पाहता पाहता समोरची काच पांढरी झाली. वळण कोठे आहे आणि दरी कोठे, काही दिसेना.

"अहो, आधी गाडी बाजूला घ्या," सौभाग्यवती म्हणाल्या. आम्ही ती रुंद जागा पाहून घेतली, दिवे लुकलुकते ठेवले, खिडक्या दोन बोटे उघडल्या आणि काच पुसली. पुढचा घाट गोगलगायीच्या चालीने उतरलो.

काच का धूसर होते हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. पाच माणसांच्या श्वासातली वाफ थंड काचेवर दवासारखी साठते. ब्लोअर काचेवर हवा फेकून ती उडवतो, ए. सी. लावला तर हवेतला ओलावाच काढून घेतला जातो. म्हणून पावसाळ्यातही ए. सी. लावायचा असतो. पण पंखाच थांबला, तर ए. सी. असून नसून सारखाच.

पुढच्या आठवड्यात कामानिमित्त बेळगावला गेलो, तेव्हा तेथील एका मोटार-वायरमनला गाडी दाखवली. त्याने मोटर बदलण्याची भाषा केली नाही, प्रथम फ्यूज उपसून पाहिला आणि विचारले, "सर, हा कुणी घातला?" त्या जागी 20 अँपियरचा पिवळा फ्यूज हवा होता, तेथे 30 चा हिरवा होता.

उत्तर आम्हाला ठाऊक होते. निघण्यापूर्वी पंधरा दिवसांत तो फ्यूज दोनदा उडाला होता. तेव्हा एका गॅरेजवाल्यास आम्हीच म्हटले होते, "काहीही करा, पण पंखा चालू करून द्या." त्याने आमच्या शब्दाला मान दिला, इतकेच.

वायरमनने मग आम्हाला तपासणीची रीत समजावून दिली. ती वाचकांच्याही उपयोगी पडावी. पंखा फक्त सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल, तर दोष बहुधा वेग कमी-जास्त करणाऱ्या रेझिस्टरमध्ये असतो. कोणत्याच वेगावर चालत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा. तो शाबूत असेल, तर मोटरपर्यंत वीज येते का ते टेस्ट-लँपने पाहावे. येत नसेल, तर रिले, स्विच, वायरचे जोड आणि अर्थिंग तपासावे. येत असेल, तर दोष मोटरचा. अशा वेळी मोटरवर हलकेच टिचकी मारावी. तेवढ्याने ती फिरू लागली, तर आतले कार्बन झिजले आहेत असे समजावे.

आमच्या गाडीत डाव्या बाजूच्या कप्प्यामागे हात घालून त्याने मोटर काढली. पंख्याच्या पात्यांत चिंचेच्या पानांचा गठ्ठा निघाला! आम्ही गाडी वर्षानुवर्षे चिंचेच्या सावलीत लावतो. काचेखालच्या जाळीतून ती बारीक पाने आत जात होती, आणि आमच्या जुन्या गाडीत त्यांना अडवायला गाळणी नाही. पाने अडकली, मोटर जड फिरू लागली, जास्त वीज खेचू लागली. फ्यूज उडाला तो याचसाठी. आम्ही त्याच्या जागी जाड फ्यूज बसवून घेतला. तेव्हा तारेचा जोड वितळला. "अजून थोडं चाललं असतं, तर आग लागली असती सर," तो शांतपणे म्हणाला.

पाने काढली, मोटरला तेल दिले, जोड आणि करपलेली तार बदलली आणि 20 चाच फ्यूज घातला. पंखा पूर्वीसारखा फिरू लागला. मोटर नवी घ्यावी लागली नाही.

निपाणीला परतताना आम्हास आमची शाळा आठवत होती. एखादा मुलगा त्याच त्या गणिताशी अडतो, रडतो, शाळा बुडवतो. तो काही सांगत असतो. आणि आम्ही मात्र "काहीही करून पास कर" असे म्हणून मोकळे होतो. तीस वर्षांच्या नोकरीत असे किती फ्यूज आम्ही जाड करून बसवले, याचा हिशेब त्या रात्री फारसा सुखाचा नव्हता.

हल्ली गाडी चिंचेखाली लावीत नाही. कप्प्यात दोन जादा फ्यूज असतात, दोन्ही 20 चेच. आणि पुन्हा एखादा उडालाच, तर दुसरा घालण्यापूर्वी पहिला का उडाला हे विचारायचे, असे ठरवले आहे.